पौडचे पाणी, चौलचे बंदर

पौडला बंदर कोठले? येथली मुळा तर पूर्वेला, पुण्याकडे वाहते. पण वर मुळशीच्या धरणात अडलेले तिचे पाणी बोगद्यातून सह्याद्री ओलांडते, भिऱ्याच्या १९२७ सालच्या वीजघरात कोसळते आणि कुंडलिकेला मिळून रेवदंड्याच्या खाडीत जाते. त्या पाण्याच्या वाटेने मीही ताम्हिणी घाट उतरलो.

खाडीच्या मुखाशी जुने चौल. कान्हेरीच्या शिलालेखांतले ‘चेमुल’ ते हेच. टॉलेमीला ते ठाऊक होते. पंधराव्या शतकात रशियाचा निकितिन येथेच उतरला. पोर्तुगीजांनी रेवदंड्याला तट बांधला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पुढे मुंबई वाढली आणि चौल ओसरले. आता तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या डुलतात. पलीकडच्या कोर्लई गावात मात्र पोर्तुगीजांपासून उपजलेली बोली अजून घरांतून ऐकू येते. माझ्यासारख्या भाषेच्या मास्तराला तटबंदीपेक्षा तिचेच अप्रूप अधिक!

चौलची आठवण शिलालेखांनी, तटांनी आणि बोलीने राखली. धरणाखाली बुडालेल्या मुळशीच्या गावांना तसे काही लाभले नाही. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला उभे राहिले, ते त्याच जमिनींसाठी. वाचकहो, रेवदंड्याला जाल तेव्हा किल्ला अवश्य पाहा; पण खाडीत येणारे पाणी कोणाच्या शेतांवरून आले, तेही मुलांना सांगा.