शेवट पटला नाही म्हणून

पालकहो, परवा अंबडला माझा भाचा रात्री जेवलाच नाही. कारण? ‘मास इफेक्ट’ या व्हिडिओ गेमच्या तिसऱ्या भागाचा शेवट! मी म्हटलं, “अरे, खेळच तो.” तो चिडला, “मामा, तीन भाग मी निर्णय घेतले, अन् शेवटी नुसते तीन रंग?”

२०१२ मध्ये जगभर हीच तक्रार झाली. चाहत्यांनी बायोवेअर कंपनीला लाल, हिरवे, निळे कपकेक पाठवले. रंग तीन, चव एकच! कंपनीने शेवट बदलला नाही, पण वाढवून फुकट दिला.

‘गोष्ट पूर्ण करा’ या प्रश्नात मीही ठरावीक शेवटालाच गुण देत आलोय. भाच्यापुढे वही ठेवली. अकरा वाजता म्हणाला, “मामा, शेपर्ड मेला तर मरू द्या, पण कामून मेला ते कळायला नको?”