आसनाची उंची

आमच्या दिवाणखान्याच्या भिंतीवर, जमिनीपासून ८२५ मिलिमीटर उंचीवर, पेन्सिलीची एक आडवी रेघ आहे. नातवाच्या उंचीच्या खुणा त्याच भिंतीवर दर वाढदिवसाला करण्याची आमच्या घरीं चाल आहे; त्या गर्दींत ही एक रेघ कोणाच्या डोळ्यांत भरणार नाहीं, असा माझा हिशेब होता. रोज सकाळीं चहापूर्वीं, घरांत कोणी जागें नसतांना, मी त्या रेघेशीं उभा राहतों आणि टाचा न उचलतां ती मला कोठपर्यंत येते तें चाचपून पाहतों. अडुसष्टाव्या वर्षीं माणसाचे पाय लांब होत नसतात हें मला समजतें. तरी पाहतों.

ही उंची एका फटफटीच्या आसनाची आहे. मोटारसायकल हा शब्द अधिक भारदस्त असेल, पण तो उच्चारतांना कानांत कांहींच वाजत नाहीं. डोंगरदऱ्यांतून हिंडण्यासाठीं म्हणून मुद्दाम घडविलेल्या ज्या फटफट्या हल्लीं निघाल्या आहेत, त्यांनीं मला गेलीं दोन-तीन वर्षें वेड लावलें आहे. पुढचें चाक एकवीस इंचांचें, म्हणजे खड्ड्यांत न बुडतां त्यांतून चढून जाणारें. पोट जमिनीपासून वीतभर उंच, म्हणजे वाटेंतला दगड त्यास लागूं नये. आणि चाकांना वरखालीं होण्यास सुमारें आठ इंचांचा वाव. या सर्व गुणांची बेरीज अखेर आसनाच्या उंचींत होते. चाकणच्या कारखान्यांतून २०२० सालीं बाहेर पडलेल्या केटीएमच्या एका जातीचें आसन ८५५ मिलिमीटरांवर होतें. तिची आशा मीं पहिल्याच दिवशीं सोडली. रॉयल एन्फील्डची हिमालयन २०१६ सालीं प्रथम निघाली तेव्हां ती ८०० वर होती. तेव्हांच घेतली असती तर! परंतु तेव्हां मुलीचें लग्न होतें. पुढें २०२३ च्या अखेरीस नवी हिमालयन आली ती आणखी इंचभर वाढून, आणि मी मात्र मधल्या काळांत, डॉक्टरांच्या मापाप्रमाणें, अर्ध्या इंचानें उतरलों होतों.

दुकानांत गेलों, तर तेथला मुलगा मोठ्या आदबीनें म्हणाला, "काका, मुलासाठीं बघताय का?" मीं "हो" म्हटलें. इतकें उघड खोटें मी कित्येक वर्षांत बोललों नव्हतों.

मला हें वेड नवें नाहीं. १९८१ सालीं, पहिल्या नोकरीच्या पैशांतून व थोड्या कर्जांतून, मीं येझदी घेतली होती. तिला दोन धुराडीं होतीं. पेट्रोलांत तेल कालवून पाजावें लागे. आणि जिला लाथ मारून यंत्र सुरू करावयाचें तीच दांडी पुढें वळवून गिअर बदलावयाचे, ही तिची हिकमत मला अजूनहि अपूर्व वाटते. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यांत आम्ही दोघें तिच्यावरून भोरला गेलों. कापूरहोळला हमरस्ता सोडला, भाटघरच्या १९२८ सालीं पुऱ्या झालेल्या धरणाची भिंत पाहिली, पंतसचिवांचा राजवाडा बाहेरूनच पाहून पुढें निघालों आणि नीरेच्या खोऱ्यांतून वरंध घाटांत शिरलों. ढग अंगावरून जात होते. वाघजाईच्या देवळाजवळ भजीं खातांना पत्नीनें पदराचें टोक पिळून विचारलें, "आतां हा रस्ता कोठें जातो?"

"महाडला."

"मग थांबलांत कशाला?"

त्या रात्रीं आम्ही महाडला पोंचलों. दोघांचीहि रजा नव्हती.

मैसूरचा तो कारखाना १९९६ सालीं बंद पडला. सुटे भाग मिळेनासे झाले आणि कांहीं वर्षांनीं येझदी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून गेली. त्या दिवशीं मी मुद्दाम कचेरींत उशिरापर्यंत बसलों. पुढें मोटार आली. मोटारींतून डोंगर दिसतो, पण तो चित्रासारखा चौकटींत दिसतो. वासासकट मिळत नाहीं.

टेड सायमन नांवाचा एक इंग्रज पत्रकार १९७३ ते १९७७ या काळांत फटफटीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करून आला, आणि २००१ सालीं, सत्तरीच्या उंबरठ्यावर असतांना, पुन्हां निघाला. त्याचा दाखला मी स्वतःला फार वेळां देत असतों. घरांत मात्र अद्याप दिलेला नाहीं.

गेल्या श्रावणांत भाच्याची हिमालयन एका दिवसापुरती मागून घेतली. सिंहगडच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतों, असें घरीं सांगितलें आणि नसरापूरवरून वेल्ह्याकडे वळलों. डावीकडे राजगड, समोर तोरणा, दोघांचींहि डोकीं ढगांत. वेल्ह्यापुढें भट्टी, पासली, केळद. खाचरांत भात लागलेलें, रस्त्यावरून पाण्याचे ओहळ. आसनावर बसून चालत असतांना माझें वय मला एकदांहि आठवलें नाहीं. मढे घाटापाशीं (सिंहगडावर १६७० सालीं पडलेल्या तानाजीचा देह याच वाटेनें उमरठास नेला असें सांगतात) डांबर सोडून कड्याकडच्या कच्च्या वाटेला लागलों, आणि तेथें फटफटी पडली.

पडली म्हणण्याइतकाहि पराक्रम त्यांत नव्हता. ती उभी होती. मीं डावा पाय टेकला. जमीन जेथें असावयास हवी होती त्याहून चार बोटें खालीं निघाली. आणि ती १९६ किलोंची वस्तु, म्हशीनें डबक्यांत बसावें तशी, सावकाश आडवी झाली. मी तिच्या शेजारीं. इजा कांहींच नव्हती. तीनदां उचलून पाहिली. चौथ्या वेळीं गुडघ्यांत कळ आली तेव्हां दगडावर बसलों. धुकें इतकें कीं कडा कोठें आहे तें पाण्याच्या आवाजावरूनच कळे. फोनला रेंज नव्हती. असती तरी भाच्याला काय सांगणार होतों?

अर्ध्या तासानें दोन गाई, एक पोर आणि प्लॅस्टिकच्या कागदाची खोळ पांघरलेला एक म्हातारा असे धुक्यांतून आले. म्हाताऱ्यानें आधीं फटफटी पाहिली, मग मला पाहिलें.

"पाव्हणं, हातानं न्हाई उचलायचं ते. पाठ लावा. रुतल्याला गाडा पाठीनं उठतो."

आम्हीं दोघांनीं आसनाकडे पाठी केल्या, टाचा रोवल्या, मागें रेटलें, ती उठली. मी वय सांगितलें तेव्हां तो म्हणाला, "म्हंजी माज्याच जोडीचं." मग या वयांत हें कशापायी, असें त्यानें विचारलें. मला उत्तर सुचलें नाहीं व तोहि त्यासाठीं थांबला नाहीं. "येल्ह्यापतुर सोडा मला. म्हातारीचं औशद आनायचं हाय. गुरं पोरगं नेईल."

मीं खरें तें सांगितलें. म्हटलें, मला माझाच भरंवसा वाटत नाहीं.

"पडलो तर पुन्यांदा उठवू की. आता म्हाईत झालंय."

तो बसला. त्याच्या डोक्यावर मुंडाशाखेरीज कांहीं नव्हतें, हें येथें कबूल केलेलें बरें. माझ्या खांद्यावर त्याचा हात होता आणि त्या हाताच्या वजनानें मी प्रत्येक वळण जपून घेत होतों. वाटेंत तो एकदांच बोलला: "जरा जोरानं जाऊ द्या की."

औषध घेईपर्यंत मी थांबलों आणि त्याला परत केळदला नेऊन सोडलें. घरीं पोंचलों तेव्हां रात्रीचे नऊ वाजले होते. सिंहगडचा पायथा त्या दिवशीं फारच लांब गेला होता; पत्नीनें कांहीं विचारलें नाहीं, नुसतें चिखलाच्या पाटलोणीकडे पाहिलें.

परवां तिला ती रेघ दिसली. "ही कोणाची? एवढा तर तो दोन वर्षांचा असतांनाच होता." मग मीं सगळें सांगितलें, दुकान, मढे घाट, म्हातारा, सर्व. तिनें मध्यें एकहि शब्द बोलतां ऐकून घेतला नाहीं, असें पूर्वीं क्वचितच झालें असेल. या वेळीं तिनें एकहि शब्द न बोलतां ऐकलें. नंतर ती रेघेजवळ जाऊन उभी राहिली आणि तळहात आडवा धरून कांहीं वेळ अंदाज घेत राहिली.

"मागच्या माणसाचें आसन याहूनहि उंच असतें का हो?"

"असतें. चार बोटें तरी."

"मग मला चढायला स्टूल लागेल," ती म्हणाली, आणि चहा ओतावयास आंत गेली.