मीठ कुणाचं?

विनी टेरानोव्हा अठरा महिने तुरुंगात काढतो, तेही गुन्हा केला म्हणून नव्हे. बाहेर आल्यावर गुन्हेगारांनी त्याला आपलं म्हणावं, एवढ्यासाठीच. न्यूवर्कच्या कोठडीत राहून आलोय, यापेक्षा चांगली ओळख त्या धंद्यात कुणाकडून मिळणार? ‘वाइजगाय’ ही अमेरिकन मालिका १९८७मध्ये सीबीएसवर सुरू झाली ती या उलट्या हिशेबातून. विनी हा त्यातला, गुन्हेगारांत पेरलेला सरकारी माणूस.

मला मात्र त्यातल्या पिस्तुलांहून त्याची आई जास्त आठवते. एक मुलगा पाद्री, दुसरा वाया गेलेला, असं धरून ती जगते. पाद्री भावाला खरं ठाऊक असतं, पण तो गप्प राहतो. शेजारपाजारच्या बायकांसमोर त्या माउलीची मान जितकी खाली जाईल, तितका तिचा मुलगा सुरक्षित. सरकारने तिच्याकडून हे काम करून घेतलं आणि तिला विचारलंही नाही.

विनीचं खरं नाव जिवंत राहतं ते एका फोनवर. पलीकडे असतो ‘लाइफगार्ड’, यंत्रांच्या गराड्यात बसून त्याच्यावर लक्ष ठेवणारा. ही भूमिका जिम बर्न्सने केली. १९७२च्या अपघातात त्याचे दोन्ही पाय गेले होते. त्याच्या आवाजात दया नाही, लगबगही नाही. फक्त जागेपण आहे. वरिष्ठ अधिकारी मॅकपाइक मात्र सदा वैतागलेला. तो जोनाथन बँक्स, ‘ब्रेकिंग बॅड’मधला माइक. डोळ्यांखालचा थकवा त्याने तेव्हापासूनच जपून ठेवला असावा.

आणि सनी स्टीलग्रेव्ह. अटलांटिक सिटीचा हा डॉन रे शार्कीने असा उभा केलाय की त्याच्या मांडीला मांडी लावून जेवावंसं वाटतं. त्या काळी अशा मालिकांत खलनायक तासाभरात संपायचा. त्याचा लळा लागायला सवडच नसे. इथे एकच कथा आठवड्यामागून आठवडे चालली. सनी विनीला जवळ घेतो, घरात आणतो, भावासारखा मानतो. आपणही त्याच्या ताटात जेवत राहतो. मीठ खाऊन बेइमानी करायची, हेच विनीचं कर्तव्य. कायदा एका बाजूला, मीठ दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही खरे. पकडलं जाण्याचं भय त्यापुढे फार साधं वाटतं.

शेवटी दोघं एका बंद पडलेल्या थिएटरात कोंडले जातात. आधी जिवावर उठून मारामारी, मग दमून बसणं. शिव्यांतला जोर ओसरला की उरतं ते रुसणं, दोन मित्रांचं असतं तसं. दार उघडून पोलीस आत येण्याआधी सनी विजेच्या झटक्याने स्वतःला संपवतो. मूळ प्रसारणात इथे मूडी ब्लूजचं एक गाणं होतं. हक्कांच्या भानगडीत ते पुढच्या आवृत्त्यांतून गेलं. फारच वाईट झालं. पुढे केव्हिन स्पेसीचा मेल प्रॉफिट आला, विक्षिप्त आणि बघण्यासारखा; पण त्याच्यासाठी जीव तुटला नाही.

ही सगळी कल्पनाच असंही नाही. एफबीआयचा जो पिस्टोन १९७६पासून ‘डॉनी ब्रास्को’ या नावाने न्यूयॉर्कच्या बोनानो टोळीत राहिला. १९८१मध्ये त्याला बाहेर काढलं. ज्या सनी ब्लॅकने त्याच्यावर विश्वास टाकला, त्याला त्याच्याच माणसांनी मारलं. पोलीस घरात घेतला, हा त्याचा गुन्हा. पिस्टोन पुढे कोर्टात साक्षी देत राहिला, पुस्तकही लिहिलं. आपण आपलं काम केलं, अशीच त्याची भूमिका राहिली. असेलही. थिएटरातला विनीचा चेहरा पाहिल्यापासून मला मात्र ते पटवून घ्यायला जड जातं.