लाल शर्टाचं वर्ष

गोव्यात फुटबॉल म्हटलं की गोल चेंडू आणि पायांचा खेळ. अमेरिकेतल्या कॉलेजांत फुटबॉल म्हणून जो खेळतात तो वेगळाच: लंबगोल चेंडू, डोक्यावर हेल्मेट, खांद्यांवर जाडजूड पॅड. खरं सांगायचं तर त्यातले डावपेच मला कळत नाहीत. पण त्यातल्या एका शब्दाने मला धरून ठेवलं. तो शब्द म्हणजे 'रेडशर्ट'.

कित्येक दशकं तिथला हिशेब असा चालत आला: खेळाडूला कॉलेजात पाच वर्षं मिळायची, त्यातले चार हंगाम तो सामने खेळू शकायचा. उरलेलं वर्ष सरावाचं. ते बहुतेक वेळा पहिलंच असायचं. 1937 साली नेब्रास्का विद्यापीठातल्या वॉरन आल्फसनने एक वर्ष सामने न खेळता नुसता सराव करू द्या, अशी विनंती केली. सरावाला तो क्रमांक नसलेला लाल शर्ट घालायचा, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात.

कोणाला थांबवायचं ते मुख्यतः प्रशिक्षक ठरवतो. शाळेतून आलेला अठरा वर्षांचा मुलगा बावीस वर्षांच्या धिप्पाड गड्यांसमोर कसा टिकणार? म्हणून वर्षभर व्यायाम, खाणं, डावांचा अभ्यास. शिवाय 'स्काउट टीम'मध्ये दर आठवड्याला पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करायची, म्हणजे मुख्य संघाचा सराव होतो. टाळ्या नाहीत, पण काम भरपूर.

पेच येतो तो हंगामाच्या शेवटी. मुख्य खेळाडू जखमी होतात, सामना हातचा जाऊ लागतो, आणि प्रशिक्षकाची नोकरी तर जिंकण्यावर. पूर्वी एका सामन्यात थोडा वेळ उतरवलं तरी त्या मुलाचा सबंध हंगाम खर्ची पडायचा. 2018 पासून चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष राखता येऊ लागलं. मग प्रशिक्षक हे चार सामने मोजूनमापून वापरू लागले. त्याहून जास्त उतरवलं तर वर्ष जायचं. ते वर्ष मुलाचं, पण गरज संघाची!

जॉनी मॅन्झेल 2011 मध्ये असाच थांबला होता. 2012 मध्ये त्याने मानाची हाइझमन ट्रॉफी जिंकली. सामन्यांचा हिशेब तेव्हा सुरू झाला म्हणून तो 'फ्रेशमन'च, आणि ती जिंकणारा पहिला फ्रेशमन. अर्थात सगळ्यांचं असं होत नाही. कित्येक जण थांबतात आणि पुढेही बाकावरच राहतात.

हे सगळं मला भिडलं, कारण बारावीनंतर आजारपणामुळे मी एक वर्ष घरी होते. भेटेल तो म्हणायचा, "अरेरे, वर्ष वाया गेलं गो पोरीचं." प्रेमानेच म्हणायचे सगळे, पण शब्द तोच. त्या वर्षात आजीने मला मोडी वाचायला शिकवली, रोज दुपारी तासभर, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्याची नोंद कुठल्याच गुणपत्रिकेत नाही.

थांबलेल्या मुलाला रोज काहीतरी काम हवं, आणि 'तुझी पाळी यायची आहे' असं सांगणारं कोणीतरी हवं. चांगला प्रशिक्षक हेच करतो. आपल्या वर्गातही यंदा कोणी वर्षभर थांबून आलेलं असेल. त्याला 'वर्ष का गेलं?' असं विचारू नका. 'त्या वर्षात काय शिकलास?' असं विचारून बघा.