इनारीच्या बर्फावर

बडोद्याच्या मुलीला उणे २८ म्हणजे काय, ते आकड्यावरून कळत नाही. गेल्या फेब्रुवारीत दादाबरोबर फिनलंडमधल्या गोठलेल्या इनारी सरोवरावरून चालत होते. काठाला एक रेनडिअर उभं होतं. कानावर कातरलेल्या खुणा, म्हणजे कुणाच्या तरी मालकीचं. हिवाळ्यात त्यांच्या डोळ्यांमागचा पडदा सोनेरीचा निळा होतो, अंधारात दिसावं म्हणून. ती निळाई टिपायला मी हातमोजा काढला.

थोड्याच वेळात बोटं पांढरी पडली, मग दुखायचीच थांबली. चोळायला लागले तर दादा ओरडला, "चोळू नकोस!" आणि माझा हात जॅकेटच्या आत, स्वतःच्या काखेत दाबून धरला. लहानपणी एका गोधडीवरून भांडायचो आम्ही! बोटांना मुंग्या येईपर्यंत तो गप्पच होता.

मग म्हणाला, "आईला सांगू नकोस."

फोटो हललेला आलाय.