डाळिंबाला साडी आणि आबांची टोपी



आजपासून आंबे बहाराच्या बागेवर साड्या टाकायला सुरुवात केली. एप्रिल अर्धा संपलाय, फळं पेरूएवढी झालीत, आणि आमच्या सांगोला भागातलं दुपारचं ऊन कसं असतं ते इकडच्या लोकांना सांगायला नको. गेल्या वर्षी चार ओळी साड्यांविना राहिल्या. त्या ओळींतली पश्चिमेकडची फळं भाजली. आधी पिवळसर डाग, मग तपकिरी, मग काळा चट्टा. आतले दाणे चांगले असले तरी व्यापारी असलं फळ क्रेटमधून उचलून बाजूला ठेवतो. म्हणून या वर्षी लवकर हात घातला.

जुन्या साड्यांचा गठ्ठा सोडला आणि आबांची आठवण आली. आमच्या रानात साडी टाकायची सुरुवात त्यांनीच केली. आबांना जाऊन आता काही वर्षं झाली. २०२२ च्या आषाढात गेले, बहात्तर वर्षांचे होऊन. झोपेतच गेले, कुणाला त्रास दिला नाही. पण त्याआधी त्यांच्या नाकाचं जे झालं, ते मी आजवर या पेजवर लिहिलं नव्हतं. लिहायची लाज वाटत होती, कारण त्यात चूक माझीच जास्त होती. आज लिहितो.

आबा बावीस वर्षांचे असताना १९७२ चा दुष्काळ पडला. मी तेव्हा दोन वर्षांचा. आबा आणि आई दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे. माळावर झाड नाही, सावली नाही, सकाळपासून दिवस मावळेपर्यंत हातोडा. आई डोक्यावरून पदर ओढून तोंड झाकून घ्यायची. आबांच्या डोक्यावर गांधी टोपी. आजोबा पटका बांधायचे, त्याचा शेमला मानेवर यायचा, कानही झाकले जायचे. आबांच्या पिढीनं पटका सोडला आणि टोपी धरली. टोपी दिसायला नीटस, पण तिला पुढं काठ नाही. कपाळ, नाक, कान, मान सगळं उघडं. हे माझ्या ध्यानात यायला पन्नास वर्षं गेली.

पुढं १९९० साली रोजगार हमीतून फळबाग योजना आली, तेव्हा आबांनी पहिली दोन एकर गणेश डाळिंब लावली. नंतर भगवा आला. तेल्यानं दोनदा बाग काढायला लावली, तरी म्हातारा हटला नाही. तीस वर्षं त्या बागेत उन्हातान्हात उभा. फळावर बारीकसा डाग आला तरी चार हातांवरून दिसायचा त्यांना. "ह्यो तेल्या न्हाई, ह्यो उन्हाचा हाय," असं लांबूनच सांगायचे. पानाआड असलेलं फळ बघून म्हणायचे, "ह्याला आई हाय." आणि पश्चिमेला उघड्यावर लोंबणाऱ्या फळाला म्हणायचे, "ह्ये पोरकं." मग त्याच्यावर फांदी वळवून बांधायचे, न्हाई जमलं तर साडीचा तुकडा.

२०१५ च्या सुमाराला त्यांच्या नाकाच्या उजव्या पाकळीवर एक काळपट ठिपका दिसायला लागला. तिळाएवढा, जरा चकचकीत, मण्यासारखा. आई म्हणाली तीळ आलाय. आबा म्हणाले, "म्हातारपणी तीळ म्हंजी लक्ष्मी येणार." आम्ही हसलो.

वर्षभरात तो ज्वारीच्या दाण्याएवढा झाला. टॉवेलनं तोंड पुसलं की कधीतरी रक्त यायचं. खपली धरायची, पडायची, परत धरायची. दुखत मात्र काही नव्हतं, आणि तिथंच फसलो. शेतकरी माणूस दुखलं तरच दवाखान्यात जातो, आणि तेसुद्धा काम उरकल्यावर. बांधावर गाजर गवत माजलेलं होतं. त्या गवतानं चेहऱ्याला, मानेला खाज सुटून कातडी जाड काळी पडलेली माणसं आमच्या भागात बरीच आहेत. मी म्हटलं, तेच असणार. मेडिकलमधून एक ट्यूब आणली. लावली की आठ दिवस बरं वाटायचं, लाली कमी व्हायची, मग परत जैसे थे. नंतर कळलं की त्या मलमात स्टेरॉइड होतं. वरची सूज तेवढी दबत होती आणि खालचं आपलं वाढत होतं. कुणी हळद सांगितली, कुणी चुना. सगळं करून झालं. अशी तीन वर्षं काढली मंडळी. तीन वर्षं!

२०१८ ला पोरगी सुट्टीला आली, तिनं आजोबाकडं बघितलं आणि मला म्हणाली, "पप्पा, डाळिंबावर असला डाग आला असता तर तुम्ही दुसऱ्या दिवशी फोटो काढून कृषी केंद्रात गेला असता." मला त्या रात्री झोप लागली नाही. खरंच होतं. फळावरच्या डागाचे माझ्या मोबाईलमध्ये शेकड्यानं फोटो, आणि रोज समोर बसून भाकरी खाणाऱ्या बापाच्या नाकाकडं मी नीट बघितलंसुद्धा नव्हतं.

सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी बघताक्षणीच तुकडा काढून तपासायला पाठवला. कातडीचा कॅन्सर निघाला, बेसल सेल नावाचा. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं. हा प्रकार सावकाश वाढतो, शरीरात दुसरीकडं पसरायचं प्रमाण फार कमी, पण जागच्या जागी खात जातो, कातडी, मग कूर्चा, मग हाड. आयुष्यभर साठलेलं ऊन हे त्याचं मोठं कारण, म्हणून तो जास्त करून नाक, गाल, कान असल्या उघड्या जागीच येतो. आपली कातडी सावळी, तिच्यातल्या रंगाचं आपल्याला थोडं कवच असतं, म्हणून गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा आपल्याकडं हा आजार बराच कमी. कमी आहे म्हणूनच कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि माणूस उशिरा पोचतो. गोऱ्या माणसात तो गुलाबी दिसतो, आपल्यात काळा, म्हणून तीळ समजून सोडून देतात.

मी विचारलं, तीन वर्षांपूर्वी आणलं असतं तर? डॉक्टर म्हणाले, जागा बधिर करून अर्ध्या तासाचं काम होतं, दोन-चार टाके.

आता मात्र नाकाची उजवी पाकळी कापावी लागली. कपाळाची कातडी वळवून नाकावर बसवली. तीन आठवडे कपाळापासून नाकापर्यंत कातडीचा पट्टा तसाच, मग दुसऱ्या ऑपरेशनला तो तोडला. आबा त्या तीन आठवड्यांत आरसा मागत नव्हते. पट्टी बदलताना एकदाच म्हणाले, "लेका, कलम बांधलंय व्हय रं नाकाला?" मी हसलो आणि बाहेर जाऊन रडलो.

ते बरे झाले. नाक जरा वाकडं दिसायचं, पण पुढं चार वर्षं चांगली जगले. आणि त्या चार वर्षांत त्यांचं एक नवीनच सुरू झालं. नातवानं मोठ्या काठाची कापडी टोपी आणून दिली. गांधी टोपी सोडायला तर तयार नाहीत, मग गांधी टोपीच्या वर ती टोपी! गावात लोक म्हणायचे, "काय आबा, सायब झाला का?" आबा नाकाकडं बोट दाखवायचे आणि म्हणायचे, "हे नाक बग आन मग बोल." बागेत येणाऱ्या प्रत्येक मजुराचं तोंड निरखून बघायचे. एका बाईच्या खालच्या ओठावरची जखम महिनाभर भरली नव्हती, तिला त्यांनी स्वतः पैसे देऊन डॉक्टरकडं धाडलं. साधीच जखम निघाली. मी म्हटलं, गेले ना पैसे? तर म्हणाले, "पैसं गेलं, त्वांड तर ऱ्हायलं."

आता कामाचं सांगतो. डॉक्टरांकडून ऐकलेलं आणि आम्ही घरात पाळतो तेवढंच.

सकाळी दहा ते दुपारी चार ऊन सगळ्यात घातक. घड्याळ नसलं तर आपली सावली बघा. सावली आपल्यापेक्षा आखूड झाली की समजायचं, झाकून घ्यायची वेळ झाली. आम्ही उन्हाळ्यात बागेचं काम पहाटे सहाला धरतो आणि अकराच्या आत उरकतो. राहिलेलं चारनंतर. ढगाळ असलं म्हणून निर्धास्त राहू नका. गरम लागलं नाही तरी कातडी जाळणारा किरण ढगातून बराचसा खाली येतो.

टोपी घ्यायची तर चारी बाजूंनी काठ असलेली, चार बोटं तरी रुंद. पुढंच झाप असलेल्या टोपीत कान आणि मान उघडीच राहते. टोपी नसली तर आजोबांचा पटका किंवा उपरणं बरं, कान झाकून मानेवर शेमला सोडायचा. आपल्या बाया स्कार्फ गुंडाळून वर पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, त्यांचं बघून शिकण्यासारखं आहे. गडीमाणसंच बनियनवर फिरतात.

कापड घट्ट विणीचं पाहिजे. सूर्यासमोर धरून बघा, जेवढा उजेड पलीकडून दिसेल तेवढं ऊन आत येणार. धुऊन धुऊन विरलेला शर्ट, किंवा घामानं ओला झालेला पांढरा सुती सदरा, यातून ऊन जास्त शिरतं. सैल, पूर्ण बाह्यांचा, गडद रंगाचा शर्ट चांगला.

उघड्या राहणाऱ्या तोंडाला, कानांना, मानेला सनस्क्रीन लावा. एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि दोन्ही प्रकारचे किरण अडवणारं. दोन बोटांच्या लांबीएवढं तोंडाला आणि मानेला लागतं, निघायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावायचं, आणि घाम आला तर दर दोन तासांनी परत. मलाही आधी लाज वाटायची, पांढरं तोंड करून रानात कसं जायचं. मग पोरगा म्हणाला, डाळिंबाला ऊन लागू नये म्हणून केओलिनची पांढरी पावडर फवारता, तेव्हा नाही वाटत लाज? तेव्हापासून लावतो.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. चार आठवड्यांत न भरणारी जखम, परत परत खपली धरून रक्त येणारी जागा, वाढत जाणारा किंवा रंग-आकार बदलणारा तीळ, ओठावरचा पांढरा खरखरीत चट्टा, जुन्या भाजल्याच्या व्रणावर नव्यानं उठलेली जखम, यातलं काहीही दिसलं तर मेडिकलमधून ट्यूब आणू नका. कातडीच्या डॉक्टरला दाखवा. बहुतेक वेळा काही निघत नाही. पण निघालंच तर ज्वारीच्या दाण्याएवढं असताना निघू द्या. ज्यांची कातडी आणि केस जन्मापासून भुरे आहेत, त्यांना तर उन्हापासून लहानपणापासूनच जपावं लागतं.

कृषी सहायक आणि सल्लागार मंडळींना एक विनंती. तुम्ही बागेत येता, पानाची मागची बाजू उलटून बघता, तसं एकदा बागवानाच्या तोंडाकडंही बघा. आमचं आमच्याकडं लक्ष नसतं.

आज दुपारपर्यंत सहा ओळी झाकून झाल्या. अकरा वाजता मजुरांना सुट्टी दिली. घरी आलो तर खुंटीला आबांची ती मोठ्या काठाची टोपी अजून आहे. आई ती धुऊन ठेवते, कुणाला वापरू देत नाही. आज मी मागितली. आई काही बोलली नाही, खुंटीवरून काढून माझ्या डोक्यावर ठेवली.

उद्या राहिलेल्या ओळी. ऊन वाढतंय, जपून राहा.