वाघ्याचे मास्तर

शिकवणे हा माझा धंदा आहे. गेली अठरा वर्षे मी कॉलेजात मराठी शिकवीत आहे, आणि वृत्ते, अलंकार, विभक्ती यांपैकी काही ना काही विद्यार्थ्यांच्या डोक्यात शिरत असावे, अशी माझी प्रामाणिक समजूत आहे. परंतु मी दिलेला धडा कोणी तंतोतंत गिरवला असेल, तर तो एकट्या वाघ्याने. आणि नेमकी त्याच धड्यापायी मला मान खाली घालावी लागली!

वाघ्या म्हणजे आमचा अल्सेशियन कुत्रा. वारणानगरात आमचे घर वसाहतीच्या अगदी टोकाला आहे. कुंपण संपले की ऊस सुरू होतो. "घराला राखण हवी," असा सौ.चा आग्रह पडला आणि दोन महिन्यांचे एक पिल्लू टोपलीत बसून घरी आले. हा हा म्हणता त्याचे पस्तीस किलोंचे धूड झाले. नाव मी ठेवले. खंडोबाचे वाघे स्वतःला देवाचे कुत्रे मानतात. तेव्हा कुत्र्याला वाघ्या म्हणण्यात मला मोठे औचित्य वाटले.

गंमत अशी की, हा साहेबी दिसणारा प्राणी मुळात धनगराचा कुत्रा. जर्मनीतील माक्स फॉन श्टेफानित्स या घोडदळातल्या कप्तानाने १८९९ साली एका प्रदर्शनात मेंढ्या राखणारा एक कुत्रा पाहिला, तो तिथल्या तिथे विकत घेतला, आणि त्याच वर्षी मंडळ स्थापून या जातीची रीतसर पैदास सुरू केली. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रजांना 'जर्मन' हा शब्दच नकोसा झाला, म्हणून त्यांनी त्याला 'अल्सेशियन' केले. १९७७ साली तिकडे जुने नाव परत मिळाले. आमच्याकडे मात्र अजून बारशातले नाव राहिले बाजूला आणि टोपणनावच चालू आहे.

वाघ्याला आज्ञा मराठीतच द्यायच्या, हा माझा हट्ट. 'बस', 'थांब', 'सोड', 'ये' – चार शब्दांचा अभ्यासक्रम. कुत्र्याला एका कामासाठी एकच शब्द लागतो, आणि तो साऱ्या घराने एकाच सुरात उच्चारावा लागतो. पण आमच्या घरात एकमत कसले! मी म्हणे 'बस', चिरंजीव म्हणत 'सिट', आणि आई म्हणे, "बस रे माझ्या राजा, किती दमलास!" शेवटी 'बस' हा शब्द वाघ्याच्या मनात इतका पक्का झाला की, पानात भात वाढताना मी "बस, बस" म्हटले की तो बैठक मारी; आणि रस्त्यावर कोणी "बस आली" म्हणून ओरडले, तरी हा मुकाट्याने बसे. अनेकार्थी शब्दाचे याहून चांगले उदाहरण मला वर्गातही सापडले नव्हते.

एवढ्यावर सारे थांबते तर बरे होते. पण वाघ्या आणखीही काही शिकत होता. कॉलेजातली मंडळी आली, की तो शेपूट हलवी. फाटक्या कपड्यातला, डोक्यावर ओझे घेतलेला माणूस दिसला, की साखळी तुटेपर्यंत भुंके. "माणसाची पारख आहे हो तुमच्या कुत्र्याला!" असे एका स्नेह्याने म्हटले, तेव्हा मी ऐटीत हसलो होतो. ते हसू आठवले, की आजही संकोच वाटतो.

गेल्या हंगामातली गोष्ट. साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले होते. मळीचा वास हवेत भरला होता. बीडकडची एक टोळी पलीकडच्या फडात उतरली होती. एका दुपारी त्यांच्यातला आठ-नऊ वर्षांचा मुलगा रिकामी कळशी घेऊन आमच्या फाटकाशी आला. कडी नीट लागली नव्हती. साखळीचा आकडा त्या हिसक्यात निसटला. मी धावत बाहेर येईपर्यंत वाघ्याने त्याच्या पोटरीत दात रोवले होते.

"सोड!" मी ओरडलो. त्याने ताबडतोब सोडले. किती आज्ञाधारक कुत्रा!

सौ.ने मुलाला नळाखाली धरले आणि पंधरा मिनिटे साबणाने जखम धुतली. तिथून थेट सरकारी दवाखाना. वाघ्याला लस टोचलेली होती. तरीही डॉक्टरांनी मुलाला लस दिली आणि कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायला सांगितले. १८८५ साली पाश्चरने ज्या पहिल्या मुलाला ही लस टोचली, तोही नऊ वर्षांचाच होता, हे मला बाकड्यावर बसल्या बसल्या आठवले. विद्वत्ता ही अशी अवेळी आठवते.

संध्याकाळी मी कोपीवर गेलो. क्षमा मागण्यासाठी चांगली वाक्ये जुळवली होती. त्यांतले एकही तोंडातून फुटेना. मुलाची आई चुलीपुढून म्हणाली, "कुत्र्याला काय कळतंय, सायेब? ते मालकाच्या तोंडाकडं बघून भुंकतंय."

त्या रात्री मला झोप आली नाही. पिल्लाच्या तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्यापर्यंत त्याला जी माणसे भेटतात, ती त्याला आयुष्यभर आपली वाटतात, असे या विषयाचे जाणकार सांगतात. आमच्या पिल्लाला आम्ही त्या दिवसांत वसाहतीच्या बाहेर नेलेच नव्हते. आणि पुढे? प्राध्यापक आले की मी हसत उठे. मजूर आला की नकळत साखळी आखडून धरी आणि माझा आवाज कोरडा होई. साखळीच्या दुसऱ्या टोकाला वाघ्या ते सारे वाचीत होता. त्याला माणसांची पारख नव्हती, माझी होती.

लशीच्या प्रत्येक तारखेला मी मुलाला स्कूटरवरून दवाखान्यात नेले. आईवडिलांचा खाडा झाला असता तर उचल फिटायची कशी? पहिल्या फेरीत तो एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या फेरीत त्याने विचारले, "त्याला मारलं का तुमी?" मी नाही म्हटले. "मारू नगा," तो म्हणाला.

दहा दिवस सरले, तशी वाघ्याची शाळा नव्याने भरली. तोंडाला मुसके, हातात आखूड साखळी, खिशात भाकरीचे तुकडे. टोळी फडातून परतण्याच्या वेळी आम्ही रस्त्यापासून पन्नास पावलांवर उभे राहायचो. वाघ्या शांत राहिला की मुसक्याच्या फटीतून एक तुकडा. गुरगुरला की दहा पावले मागे. रोज थोडे पुढे सरकायचे. आणि मुख्य म्हणजे, येणाऱ्या-जाणाऱ्याला मी हाक मारून रामराम करायचा. पहिले काही दिवस माझाच आवाज ओशाळा निघे. दोन महिने लागले. त्यांतले किती वाघ्याला लागले आणि किती मला, हे सांगणे कठीण आहे.

हंगाम संपला. टोळी निघाली, त्या सकाळी तो मुलगा फाटकाशी आला. मी साखळी घट्ट धरायला गेलो, आणि मग सैल सोडली.

"बस की रं," मुलगा लांबूनच म्हणाला.

वाघ्या बसला.

आमच्या फाटकावर 'कुत्र्यापासून सावध रहा' अशी पाटी आहे. ती मी काढलेली नाही. खबरदारी ही हवीच. तिच्याखाली, रस्त्याच्या बाजूला, आता पाण्याचा एक माठ ठेवला आहे. यंदाही दिवाळीनंतर टोळ्या येतील. माठ रोज सकाळी मीच भरतो, आणि तेवढा वेळ वाघ्या शेजारी बसून माझ्या तोंडाकडे पाहत असतो.